सांगलीत समुद्राची ताजी मासळी मिळते का? गटारीला बायको-मुलांना घेऊन बार असलेल्या सीफूड हॉटेलात जावं का?

मिळते. पण गटारीला नाही.

तुम्ही सांगलीत नवीन आहात म्हणून सांगते. श्रावण लागायच्या आत मासे खाऊन घ्यायला अख्खा जिल्हा हॉटेलांवर तुटून पडतो आणि बऱ्याच वर्षी नेमक्या त्याच दिवसांत समुद्रात यांत्रिक बोटी नसतात. 1 जूनपासून निदान जुलैअखेरपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, विणीचा काळ म्हणून. एरवी रत्नागिरीची मासळी रातोरात आंबा घाट चढून सकाळी आपल्याकडे पोचते. बंदीच्या काळात जे पापलेट तुमच्या ताटात पडतं ते एकतर कोल्ड स्टोरेजमधलं, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून बर्फात आलेलं. तिकडची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते, म्हणजे आपली चालू असताना त्यांची उठलेली असते. त्या बर्फाला किती दिवस झाले ते विचारणार कोण?

मी विचारलं होतं. त्यावरून घरात जे झालं ते अजून मिटलेलं नाही.

दिराला बढती मिळाली म्हणून आम्ही दोन्ही घरं सांगली-मिरज रोडवरच्या एका हॉटेलात गेलो होतो. नाव लिहीत नाही. खाली परमिट रूम, वर फॅमिली सेक्शन, भिंतीवर नांगर आणि जाळी. धाकट्या जाऊबाई रत्नागिरीच्या. त्यामुळे मेनूकार्ड आपोआप त्यांच्या हातात. 'घाटावरच्यांना मासा कळत नाही' हे वाक्य मी लग्न करून आल्यापासून नव्हे, त्या लग्न करून आल्यापासून ऐकतेय. माझं माहेर भिलवडीचं. कृष्णेच्या काठावर भोयांच्या पाटीतून मासा उचलून घेताना वडिलांनी मला आधी कल्ला उघडून बघायला शिकवलं, पाढे नंतर. पण नदीचा मासा म्हणजे जाऊबाईंच्या लेखी मासाच नाही. चिखल खातात म्हणे ते.

कार्डावर पापलेटपुढे किंमत नव्हती, 'ॲज पर साइज' लिहिलेलं. जिथं असं लिहिलेलं असेल तिथं कच्चा मासा टेबलावर मागवून बघायचाच, त्यात लाजायचं काही नाही. वेटरनं स्टीलच्या ताटात दोन पापलेटं आणली, वर कोथिंबिरीची काडी आणि लिंबाची फोड. मी काडी बाजूला केली. डोळे आत गेलेले, दुधाळ. कल्ला बोटानं उघडला तर आतला रंग भिजलेल्या चहापत्तीसारखा. पोटावर दाबलं तो खळगा तसाच राहिला.

"कधीचा आहे?"

"सकाळीच आलाय मॅडम, रत्नागिरीचा."

जुलै महिना! रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलर बांधून ठेवलेले आणि याला सकाळी रत्नागिरीचं पापलेट! मी म्हटलं, परत ने. जाऊबाईंचा चेहरा पडला. चारचौघांत आपल्या माहेरच्या माशाला नावं ठेवली असं त्यांना वाटलं. वास्तविक तो त्यांच्या माहेरचा नव्हताच, हेच तर मी सांगत होते. "हळद-लिंबू चोळलं की वास जातो," त्या म्हणाल्या. वास जातो हो, मासा ताजा होत नाही. शेवटी पापलेट परत गेलं आणि त्याऐवजी त्यांनी हट्टानं सुरमईच्या तुकड्या मागवल्या. तुकड्यांना ना डोळा ना कल्ला, बघणार काय?

वेटर चांगला होता. ऑर्डर घेऊन जाताना हळूच म्हणाला, "कार्डावर नाही, पण आज नदीची वाम आलीय." नवं पाणी आलं की चढणीचे मासे मिळतात, तेव्हाची वाम. मी रस्सा करायला सांगितला. तिखट, दाट, आपल्या घाटी पद्धतीचा. पोरांनी भाकरी कुस्करून खाल्ला, सासूबाईंनी दुसऱ्यांदा घेतला, दिरानंही वाटीभर घेतला. सुरमई मात्र दिरानं व्हिस्कीबरोबर एकट्यानं संपवली, कारण जाऊबाई रुसून सोलकढीवर बसल्या होत्या. (ती सोलकढीही पाकिटातली. गुलाबी रंगावर जाऊ नका, नारळाचा रस ताजा असेल तर जिभेला कळतो.)

घरी पोचेपर्यंत दिराचा चेहरा लालबुंद, अंगावर गांधी, डोकं ठणकतंय. जाऊबाईंनी निकाल दिला: वाम बाधली. आजही पाहुण्यांत हा किस्सा 'ताईंनी नदीचा मासा खायला घातला तेव्हा' असाच सुरू होतो.

आता तुम्हीच सांगा. वाम जाऊबाई सोडून सगळ्यांनी खाल्ली, दीर सोडला तर एकालाही काही झालं नाही. सुरमई फक्त त्यानं खाल्ली. सुरमई, बांगडा, कुपा (ट्यूना) या जातीचे मासे नीट गार ठेवले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन नावाचं, ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य तयार होतं. ते तळून जात नाही, शिजवून जात नाही आणि गोठवूनही जात नाही. लक्षणं हीच: लाली, गांधी, डोकेदुखी, खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत. डॉक्टरनं ॲलर्जीची गोळी दिली, सकाळपर्यंत उतरलं. कशामुळे झालं हे त्यांनी नक्की सांगितलं नाही, हेही खरं. पण हिशेब कुणालाही करता येतो.

तर गटारीला जाणारच असाल तर हॉटेलात एवढंच विचारा की आज काय आलंय. 'सगळं आहे' असं उत्तर आलं की चिकन मागवा. मरळ, कटला, वाम असेल तर बिनधास्त घ्या. 'फिश टिक्का' म्हणून पांढरे, बिनकाट्याचे, बिनचवीचे तुकडे आले तर तो बहुतेक बासा, म्हणजे शेततळ्यातला मासा. वाईट नाही, फक्त रावसाचे पैसे देऊ नका. खरी समुद्राची मासळी खायची तर गणपती होऊ द्या, मग या.

थोडं उलट बाजूनंही सांगते. बंदी यांत्रिक बोटींना असते. बिगरयांत्रिक होड्यांना नसते, त्यामुळे खाडीचं थोडंफार ताजं येतं, पण ते घाट चढून आपल्यापर्यंत कितपत पोचणार. आणि चढणीच्या वामेतही गाभोळी असते, तेव्हा विणीचा नियम नदीलाही लावावा हे जाऊबाईंचं म्हणणं मला पटतं. त्यांना सांगितलेलं नाही.

बारचं विचारलंत. फॅमिली सेक्शनचा जिना वेगळा असेल तर खुशाल जा, साडेसातला बसा आणि साडेनऊच्या आत उठा. त्यानंतर खालचा आवाज वर यायला लागतो. बिलात दारू वेगळी दाखवायला सांगा, दारूवर जीएसटी लागत नाही, व्हॅट लागतो. आमच्या बिलात सगळ्याची बेरीज करून त्यावर पाच टक्के लावले होते. आणि दोन कुटुंबं मिळून जाणार असाल तर निम्मं-निम्मं हे फक्त जेवणाचं, असं निघतानाच ठरवा. आमचे हे दारूला शिवत नाहीत, तरी त्या रात्रीच्या व्हिस्कीचे निम्मे पैसे आमच्याच खिशातून गेले, आणि वर बाधली कोण, तर वाम.