अकोल्यात मे महिन्यात कॉलमला मारलेला पॉलिमर मॉर्टरचा (पॉलिमर घातलेल्या सिमेंट-वाळूच्या मालाचा) पॅच पंधरा दिवसांत सुटला. माल डुप्लिकेट की मिस्त्रीचा हलगर्जीपणा? त्याचे पैसे थांबवलेत. कुठला ब्रँड घ्यावा?

ब्रँड बदलून काही होणार नाही. सुटलेला तुकडा उलटा करून बघा. मागची बाजू गुळगुळीत किंवा ब्रशच्या रेघा उमटलेली असेल तर बाँड कोट, म्हणजे जुन्या काँक्रीटला नवा माल चिकटावा म्हणून आधी मारतात तो हात, आधीच सुकला होता.

मी परळचा, बावीस वर्षं मुंबईतल्या जुन्या बिल्डिंगांची रिपेअर करतोय. एकदा मे महिन्यात चंद्रपूरला एका गोदामाचे कॉलम घेतले, सुपरवायझर मीच. आमचे मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले, साहेब, पहाटे पाचला लागू, नऊला बंद करू. पण मालकाचा इंजिनिअर दहानंतर येणार आणि त्याला काम डोळ्यासमोर पाहिजे. मग भर अकराला, ४४ डिग्रीत, झळा लागतायत आणि आम्ही बाँड कोट म्हणून एसबीआर-सिमेंटचा (एसबीआर म्हणजे दुधासारखं पातळ रबरी रसायन) हात मारतोय. मुंबईच्या दमट हवेत तो बराच वेळ चिकट राहतो, तिथे घमेल्यात मॉर्टर कालवून होईस्तोवर वर दुधाच्या सायीसारखा पापुद्रा, बोटाला काही लागेना. मिस्त्री म्हणाले खरडून परत मारतो, इंजिनिअर म्हणाला वेळ नाही, लावा. बाराव्या दिवशी ठोकलं तर सगळं पोकळ, निघालेल्या तुकड्याच्या पाठीवर ब्रशच्या रेघा जशाच्या तशा उमटलेल्या. आणि मजुरी कापली मिस्त्रींची, हाताला सफाई नाही म्हणून. मी तेव्हा गप्प बसलो, ते अजून सलतं.

अहो, तापलेलं जुनं काँक्रीट आतून पाणी ओढतं, कोरडा वारा बाहेरून, सिमेंटला उरणार काय? तासाला चौरस मीटरमागे १ किलोच्या आसपास पाणी उडालं की ओल्या मॉर्टरलाच भेगा जातात. सिमेंटऐवजी इपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनने) काम कराल तर साधारण १० डिग्री वाढले की पॉट लाइफ, म्हणजे कालवल्यावर माल वापरता येतो तो वेळ, निम्मं.

आदल्या रात्री कॉलम भिजवा, पहाटे ओलसर हवा पण वर पाणी दिसायला नको, हिरवी नेट बांधा, कोट थोडाथोडाच मारा आणि चिकट आहे तोवर मॉर्टर दाबून भरा. वर लगेच ओलं गोणपाट. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, कोरड्या उष्ण हवेत काँक्रीटला किमान १० दिवस क्युरिंग आहे, पॉलिमर मॉर्टर मात्र एक-दोन दिवस ओलं ठेवून मग हवेत सुकू देतात, डब्यावर लिहिलंय ते पाळा. आणि हो, सळ्या गंजून फुगल्या असतील तर एवढं करूनही सुटेल, आधी त्या घासून घ्या.

मिस्त्रीला उन्हात कुणी कामाला लावलं ते आठवा, आणि त्याचे पैसे देऊन टाका.