उबुंटूचे पार्टिशन काढल्यावर विंडोज सुरू होत नसेल तर

आपल्या लॅपटॉपवर विंडोज ११ च्या जोडीला उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम होती, जागा अपुरी पडू लागल्यामुळे आपण डिस्क मॅनेजमेंटमधून उबुंटूचे ६० जीबीचे पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) डिलीट केले आणि रीस्टार्ट केल्यापासून काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ (उबुंटू सुरू करून देणारा प्रोग्रॅम) हा शब्द व लुकलुकणारा कर्सर यांखेरीज काहीच दिसत नाही, असे आपण लिहिले आहे. दुरुस्तीच्या दुकानात फॉरमॅट करण्याचा सल्ला मिळाला, तो कृपया मानू नका. आपण खरोखर फक्त उबुंटूचेच पार्टिशन काढले असेल, तर विंडोज आणि आपल्या फायली जागच्या जागी आहेत.

अडचण अशी की उबुंटू एकाच ठिकाणी राहत नाही. २०१२ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपांवर यूईएफआय प्रकारचे फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालू होताच सर्वांत आधी धावणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, असते. ते डिस्कवरील ईएफआय सिस्टीम पार्टिशन या लहानशा, साधारणपणे १०० ते ५०० एमबीच्या भागातून बूटलोडर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, उचलते. हा भाग फॅट३२ स्वरूपाचा असून विंडोज एक्सप्लोररमध्ये दिसत नाही. उबुंटू इन्स्टॉल होताना तिथे ‘उबुंटू’ नावाचा फोल्डर तयार होतो आणि मदरबोर्डच्या स्मृतीतील बूट-यादीत त्याची नोंद सर्वांत वर जाऊन बसते. त्या फोल्डरमध्ये जेमतेम तीन ओळींची एक फाइल असते : अमुक ओळखक्रमांकाचे पार्टिशन शोध, त्यातील बूट फोल्डरमध्ये जा आणि तिथली मुख्य यादी वाच. आपण ते पार्टिशनच काढून टाकल्याने ग्रब पहिल्याच ओळीवर अडतो. घर पाडले, पण देवडीवरचा पहारेकरी तसाच राहिला, असा हा प्रकार आहे.

म्हणून आधी दुसऱ्या दाराने आत जावे. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करताना बूट मेनूची (कशावरून सुरू करायचे ते निवडण्याच्या यादीची) कळ दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर ती बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप व मग एफ९, तर एसुसवर एस्केप असते. यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ दिसल्यास तो निवडा. बहुतेकांचे विंडोज इथेच सुरू होते. या टप्प्यावर निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली, तर घाबरू नका. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपांत डिस्क आधीपासूनच एन्क्रिप्ट केलेली असते आणि बूटचा मार्ग बदलला की यंत्रणा खातरजमा करते. ही की बहुतेक वेळा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती फोनवरून शोधून कागदावर उतरवा आणि त्यानंतरच पुढच्या कामाला हात घाला. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त प्रमाणित बूटलोडरच चालू देणारे फर्मवेअरचे सेटिंग, विनाकारण चालू-बंद करू नका.

विंडोजमध्ये शिरल्यावर खरी साफसफाई करायची आहे. (खालच्या कमांड मी देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरेच वापरावीत.) कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. पॉवरशेल नको, कारण त्यात महिरपी कंस अवतरणचिन्हांशिवाय चालत नाहीत आणि मग कमांड चुकीची असल्याचा भास होतो. तिथे ‘बीसीडीएडिट /एनम फर्मवेअर’ दिल्यावर बूट-यादी दिसेल. ज्या नोंदीच्या वर्णनात उबुंटू असे लिहिलेले असेल, तिचा महिरपी कंसांतील लांबलचक ओळखक्रमांक कंसांसह कॉपी करा आणि ‘बीसीडीएडिट /डिलीट’ यापुढे पेस्ट करा. ज्या नोंदीवर ‘विंडोज बूट मॅनेजर’ लिहिले आहे, तिला स्पर्शही करू नका.

एवढ्यावर थांबलात तरी विंडोज सरळ सुरू होईल. पण फोल्डर शिल्लक राहिला, तर काही फर्मवेअर ती नोंद पुन्हा तयार करतात. तेव्हा ‘माउंटव्हॉल एस: /एस’ या कमांडने तो लपलेला भाग एस अक्षराखाली आणा, ‘डीआयआर एस:\ईएफआय’ देऊन आत काय आहे ते डोळ्यांनी पाहा आणि मगच ‘आरडी /एस एस:\ईएफआय\उबुंटू’ द्या. पाहा म्हणतो ते अनुभवाने. एकदा रात्री उशिरा भाच्याच्या लॅपटॉपवर हे काम करताना मी उबुंटूऐवजी मायक्रोसॉफ्ट हा फोल्डर उडवला होता आणि पुढचे दोन तास पेनड्राइव्ह बनवण्यात गेले.

तो पेनड्राइव्ह माझ्यासारखे करून बसलेल्यांना, किंवा ज्यांच्या बूट मेनूत विंडोज दिसतच नाही त्यांना लागतो. दुसऱ्या संगणकावर किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचे इन्स्टॉलेशन माध्यम तयार करा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि पहिल्याच पडद्यावर शिफ्ट व एफ१० एकत्र दाबा. कमांड प्रॉम्प्ट उघडेल. तिथे ‘डिस्कपार्ट’ हा डिस्कचे भाग हाताळणारा प्रोग्रॅम सुरू करून ‘लिस्ट व्हॉल्यूम’ देऊन फॅट३२ असलेला लहान भाग शोधा, तो निवडून ‘असाइन लेटर=एस’ द्या आणि ‘एक्झिट’ देऊन बाहेर या. मग ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’ ही कमांड विंडोजचा बूटलोडर नव्याने लिहिते. इथे एक खोच आहे : या वातावरणात विंडोजचा ड्राइव्ह सी असेलच असे नाही, डी किंवा ई असू शकतो, म्हणून आधी डीआयआर देऊन खात्री करा. जुन्या लेखांमधील ‘बूटरेक /फिक्सबूट’ ही बूट-दुरुस्तीची कमांड अशा वेळी पुष्कळदा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणून नकार देते; त्यावर डोके आपटत बसू नये.

जुन्या बायोस (यूईएफआयच्या आधीचे फर्मवेअर) पद्धतीच्या यंत्रांवर मात्र बूटरेकच कामाचे. तिथे ग्रब डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये बसलेला असतो आणि ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’ त्यातील पार्टिशनच्या तक्त्याला धक्का न लावता फक्त बूटचा कोड बदलते.

मोकळ्या झालेल्या ६० जीबीबद्दल : सी ड्राइव्हवर राइट क्लिक केल्यावर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ पुसट दिसत असेल, तर मोकळी जागा सीला लागून उजवीकडे नाही, मध्ये बहुधा रिकव्हरी पार्टिशन आहे. ते पार्टिशन हलवण्याचा खटाटोप करण्यापेक्षा मी त्या जागेचा डी ड्राइव्ह करून मोकळा होईन. आणि विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसले, तर बॅटरी बदलू नका. उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ लिहून ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ एकदा दाबले की काम झाले.