पहिलं प्रकरण पाठवू नकोस

अमळनेर

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचा गठ्ठा चार दिवसांपूर्वी चोपड्याच्या एसटीनं आला. कंडक्टरनं हातात देताना विचारलं, “सर, पेपर तपासाले का?” मी हो म्हणून टाकलं. बाहेर ऊन असं आहे की दुपारी अंगणातही पाऊल टाकवत नाही, त्यामुळे तीन दुपारी पंख्याखाली बसून सगळं वाचून काढलं. आजीचं आणि आजोबांचं विहिरीवरून भांडण होतं तिथं दोनदा थांबलो. कादंबरीविषयी सविस्तर तू आलीस की बोलू. आत्ता फोनवरच्या तुझ्या प्रश्नाचं.

पुण्याचे एक संपादक पानाला साठ रुपये म्हणतात, द्यावेत का, असं तू विचारलंस. मी म्हटलं, कशाचे? तू म्हणालीस, “एडिटिंगचे.” घोळ इथूनच सुरू होतो. आपल्याकडे शाळेतल्या मराठीच्या मास्तरला “सर, जरा नजर घाला” म्हणायची पद्धत आहे. मी तीस वर्षं अशी नजर घातली, चहावर. त्यात ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, कुणाची कथा शेवटाकडे घसरते तेही सांगितलं, आणि दोन्ही कामं अर्धवट केली. एका बैठकीत दोन्ही होत नाहीत, हे कळायला मला बराच काळ गेला.

एक माणूस संपूर्ण हस्तलिखित वाचून रचनेचं सांगतो: कुठलं प्रकरण नको, कोण पात्र मध्येच हरवलं, गोष्ट कुठून सुरू व्हायला हवी. दुसरा वाक्यावाक्यावर काम करतो. तिसरा मुद्रितशोधक, म्हणजे पानं लागल्यावर प्रुफं वाचणारा. एकच माणूस तिन्ही करू शकतो, पण एकाच वेळी नव्हे, आणि क्रम उलटा तर मुळीच नको. तुला सध्या पहिला हवा आहे. मावशीच्या लग्नाची पाचवं, सहावं, सातवं अशी तीन प्रकरणं आहेत. त्यातलं एक जाणार, कदाचित दोन. उद्या कापायच्या पानांतली वेलांटी आज पैसे देऊन दुरुस्त करून घेण्यात काय अर्थ?

तुझे वडील घडाचं काय करतात ते तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलंयस. केळी निसवली, म्हणजे घड बाहेर पडला, की खालच्या फण्या आणि केळफूल काढून टाकतात. त्या फण्या किडक्या नसतात, लहानपणी मला तर त्या बघून हळहळ वाटायची. पण त्या ठेवल्या तर वरच्याही भरत नाहीत. मावशीच्या लग्नातलं मांडवाचं वर्णन तसं आहे. चांगलं आहे, आणि त्याच्या भारानं आजी बारीक राहिली आहे. फण्या काढायच्या आधी कुणी घडाला स्कर्टिंग बॅग, म्हणजे झाकायची पिशवी, चढवत नाही, एवढं लक्षात ठेवलंस तरी तुझे निम्मे पैसे वाचतील.

आता साठ रुपयांचं. पान कुठलं, ते विचारलंस का? तुझे शब्द ब्याऐंशी हजार आहेत म्हणालीस. ए-फोर कागदावर तू चारशेच्या आसपास शब्द बसवतेस, म्हणजे २०५ पानं, म्हणजे १२,३०० रुपये. पण त्यांच्या मनात पुस्तकाचं डेमी पान असेल आणि त्यात अडीचशे शब्द धरले, तर ३२८ पानं आणि १९,६८० रुपये. सात हजारांचा फरक, आणि खोटं कुणीच बोललेलं नाही. म्हणून दर शब्दांवर ठरव.

आणि हस्तलिखित देण्याआधी ते एकसारखं कर. तुझी पहिली सात प्रकरणं टायपिंगच्या दुकानात श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये झाली आहेत आणि पुढची तू मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलीस. दुकानदारानं रूपांतर करून दिलं असेल, पण मी पाहिलं, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले आहेत आणि ‘ऱ्या’ तर जागोजागी फुटला आहे. हे निस्तरायला संपादकाचे तास विकत घेऊ नकोस. दोन रात्री तूच बस.

आता मुख्य गोष्ट. माझं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा प्रुफं पोस्टानं यायची. ज्यांनी ते तपासलं त्यांचं नाव सांगत नाही, माणूस कष्टाळू होता. पण त्यांना आपल्या खानदेशातल्या अहिराणी बोलीचा गंध नव्हता. आपल्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ‘डोया’चा त्यांनी अकरा ठिकाणी ‘डोळा’ केला आणि चार ठिकाणी तो त्यांच्या नजरेतून सुटला, त्यामुळे माझी म्हातारी एका पानावर पुण्याची आणि दुसऱ्या पानावर अमळनेरची. ‘काया बैल’, म्हणजे काळा बैल, वाचून त्यांना वाटलं स्वल्पविराम राहिला, म्हणून त्यांनी ‘काया, बैल’ असं छापलं. देह आणि बैल! ‘बठ्ठा गाव’ म्हणजे सगळं गाव, त्याचं ‘बैठा गाव’ झालं. गंमत म्हणजे एका परीक्षणात ‘बैठा गाव ही प्रतिमा लक्षणीय’ असं लिहून आलं. मी आजवर कुणाला खरं सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

त्यांना दोष देत मी बरीच वर्षं काढली. पण बठ्ठा म्हणजे काय हे मी तरी त्यांना कुठं कळवलं होतं? आता पुस्तक कुणाच्याही हाती देताना मी सोबत एक शब्दयादी देतो. वहीचं एखाद-दुसरं पान होतं. शब्द, अर्थ, कुणाच्या तोंडी आहे, आणि तो हात न लावता ठेवायचा की नाही. तुला ती जास्तच लागेल. आजी पूर्ण अहिराणी बोलते, वडील मिसळून बोलतात, नायिका शाळेतली मराठी बोलते, आणि मावशी रावेरकडे दिल्यावर तिच्या बोलण्यात लेवा बोली येते. बाहेरच्या माणसाला या दोन बोलींतला फरक ऐकू येणार नाही. तो प्रामाणिकपणे मावशीला आजीसारखं बोलायला लावेल आणि म्हणेल, एकसूत्रता आणली.

बहिणाबाई १९५१ साली गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरवून घेतलं म्हणून ते शब्द उरले, आणि अत्र्यांच्या नजरेस पडल्यावर १९५२ मध्ये पुस्तक झालं. त्यातलं मन ‘वढाय’ आहे. एखाद्यानं शुद्धलेखनाची तांबडी शाई घेऊन त्याचं ‘ओढाळ’ केलं असतं तर? अर्थ तोच राहिला असता. पण ‘ओढाळ’ गुरं आपण शाळेत शिकलो, ‘वढाय’ गुरं आपल्या शेतात शिरली होती.

कुणी नियमांचा धाक घातला तर घाबरू नकोस. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे चौदा आणि १९७२ ला वाढवलेले चार, असे अठराच आहेत, आणि संभाषणात ‘असं केलं, मी म्हटलं’ असं बोलण्यासारखं लिहायची मुभा त्या नियमांतच आहे. निवेदनात मात्र तूही ढिलाई केली आहेस. ‘आणि’ऐवजी ‘आणी’ मराठीत चालत नाही, अहिराणीच्या नावावर तो खपवू नकोस.

मग असा कान असलेला माणूस शोधायचा कसा? २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या गावात साहित्य संमेलन झालं तेव्हा ग्रंथदालनातून मी व्हिजिटिंग कार्डांची चळत घेऊन आलो होतो. एकाचाही उपयोग झाला नाही. त्यापेक्षा तुला आवडलेली, बोलीत लिहिलेली पाचसहा पुस्तकं काढ आणि मनोगताचं पान वाच. लेखक तिथं आभार मानतात, त्यात बऱ्याचदा संपादकाचं नाव असतं. जमलं तर त्या लेखकाला फोन करून एकच विचार: संपादकांनी तुमच्याशी भांडण कशावरून केलं? “काही नाही, फार छान काम केलं” असं उत्तर आलं तर मी पुढच्या नावाकडे वळेन.

दोन नावं हाती आली की दोघांनाही तीच दहा पानं दे आणि त्या दहा पानांचे पैसे दे. फुकट नमुना मागू नकोस. भाकरीचं पीठ गिरणीवर फुकट दळून मिळत नाही, मग हे का मिळावं? परत आलेल्या पानांत किती चुका काढल्या ते मोजू नकोस. समासात काय विचारलंय ते बघ. माझ्या दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी एका बाईंनी दहा पानांत फक्त सहा ठिकाणी पेन्सिल टेकवली होती. मी नाराज झालो, एवढ्याचे पैसे? मग एक शेरा वाचला: ‘पान ३१ वर चूल विझली. पान ३२ वर भाकरी टाकताहेत. पुन्हा पेटवली की दुसरी चूल आहे?’ आणि खाली, ‘बठ्ठा म्हणजे सगळा ना? तसंच ठेवते.’ दुसऱ्या गृहस्थांची पानं लालेलाल होती. त्यांनी म्हातारीच्या तोंडी ‘कदाचित’ घातलं होतं. मी बाईंना काम दिलं आणि चूल दुरुस्त केली. दुसरी चूल नव्हतीच, मी विसरलो होतो.

व्यवहाराचं लवकर आटोपतो. ईमेलवर चार ओळी पुरतात: कुठलं काम, किती शब्द, किती दिवसांत, दुरुस्त्या केल्यावर पुन्हा एकदा बघणार की नाही, आणि पैसे कसे. एक तृतीयांश आधी, एक तृतीयांश निम्मं काम आलं की, उरलेले शेवटी, असं मी करतो. बदल ट्रॅक चेंजेस लावूनच करायला सांग, म्हणजे प्रत्येक खाडाखोड तुला दिसेल आणि नको ती परत फिरवता येईल. हल्ली काही जण मजकूर यंत्राला घालून तेच पुढे करतात, म्हणून हस्तलिखित कशात टाकणार का, हेही स्पष्ट विचार. त्यात लाजण्यासारखं काही नाही. संपादनानं पुस्तकावर त्यांचा हक्क निर्माण होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाला आपल्या लेखनाची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्कही आहे, कलम ५७. अर्थात कोर्टात जाण्यापेक्षा शब्दयादी स्वस्त पडते.

संपादन, छपाई, प्रकाशन समारंभ आणि वर एखादा पुरस्कार असं पॅकेज कुणी देऊ केलं तर पोस्टमननं चुकीचं पत्र आणल्यासारखं ते परत कर. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे लावले असतील तर तेवढ्यावरूनच माणूस ओळख, कारण राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी संस्थेकडून तो क्रमांक फुकट मिळतो. आणि तू जर एखाद्या जुन्या प्रकाशकाकडे हस्तलिखित पाठवणार असशील, तर भाषेचं संपादन आत्ता करूनच घेऊ नकोस. स्वीकारलं तर ते त्यांच्या पद्धतीनं आणि त्यांच्या खर्चानं करतील. रचनेचं वाचन तेवढं करून घे. वीस हजार आईकडून घेणार आहेस, असं तुझ्या बोलण्यावरून वाटलं. ते ठिबकच्या नळ्यांसाठी ठेवलेले नसावेत अशी आशा करतो.

शेरे आल्यावर दोन दिवस उत्तर देऊ नकोस. पहिल्या दिवशी सगळे संपादक अडाणी वाटतात. तिसऱ्या दिवशी पुन्हा बघ. त्यांनी सुचवलेला उपाय पटणार नाही, बहुतेक वेळा पटत नाहीच, पण ते जिथं अडखळले तिथं खड्डा आहे हे खरं असतं. तो तुझ्या मातीनं बुजव. तुझ्या हस्तलिखितात मी मावशीच्या लग्नात अडखळलो, आणि तुझी मैत्रीणही तिथंच कंटाळली असं तू म्हणालीस.

रविवारी येणार असशील तर सकाळच्या गाडीनं ये, ऊन व्हायच्या आत. घरात कळण्याचं पीठ आहे, वांगी तू आण, भरताची, तुमच्याकडची चांगली असतात. तोवर ती दहा पानं निवडून ठेव. पहिलं प्रकरण पाठवू नकोस, ते तू इतक्यांदा पुसलंयस की त्यात कुणालाच काही सापडणार नाही. ८४ ते ९३ घे, विहिरीवरचं भांडण. आणि जाता जाता, ८७ व्या पानावर आजोबा डाव्या हातानं बादली ओढतात. तुझ्या पाचव्या प्रकरणात मांडवाच्या बल्लीखाली सापडून त्यांचा डावा हात मोडला आहे आणि तो शेवटपर्यंत बरा झालेला नाही. लग्न काढलंस तर हात कुठं मोडायचा, त्याचा विचार करून ये.

तुझा
सर