नातेवाईक तुरुंगात आहे, तिथली अवस्था वाईट आहे; कोल्हापुरातून मानवी हक्क न्यायालयात तक्रार करता येते का?

कायद्यात आहे, पण मी तिथून सुरुवात करणार नाही. १९९३च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ३०ने सत्र न्यायालयाला हा दर्जा मिळतो. मात्र गुन्हा नेमका कोणता, कार्यपद्धती काय, हे कायदा सांगत नाही. अर्ज तिथेच रखडतो.

साधा मार्ग म्हणजे मुंबईचा राज्य मानवी हक्क आयोग. फी नाही, वकील लागत नाही, मराठी चालतं. घटनेपासून एक वर्षाच्या आत पाठवा. तोच अर्ज दिल्लीच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगालाही टाकू नका, अडकतो. ‘फार हाल आहेत’ एवढंच लिहिलं तर काही होत नाही. बॅरेक क्रमांक, क्षमता किती, झोपतात किती, संडास किती, कोणतं औषध कोणत्या तारखेपासून बंद, असं लिहा. मूळ खटल्याचं गाऱ्हाणं त्यात घुसडू नका.

आयोग फक्त शिफारस करतो. उपचार तातडीचे असतील तर खटला चालू असलेल्या कोर्टातच अर्ज द्या. कोर्ट तुरुंगाकडून वैद्यकीय अहवाल मागवतं. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, कसबा बावड्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा. रिट याचिकेसाठी, म्हणजे हक्कभंगाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात अर्ज करायला, आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.