कर्ज काढण्याआधी ते अठरा सेंटिमीटर कुठून आले ते शोधा

प्रश्न : मुलगी सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला ड्रोन सर्वेक्षणात जायचे आहे. प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेने सांगितले की आरटीके ड्रोन (जमिनीवर ठेवलेल्या 'बेस' यंत्राकडून उपग्रहाच्या जागेची दुरुस्ती उडतानाच घेणारा) घेतला की सेंटिमीटरची अचूकता आपोआप मिळते आणि कामेही मिळतात. कर्ज काढून ड्रोन घ्यावा का? मुलीची चिठ्ठी सोबत जोडली आहे : 'सरावात आरटीके ड्रोनने १०० मीटर उंचीवरून सपाट माळाचा नकाशा केला आणि रोव्हरने (पोलवर धरून जागा मोजणाऱ्या उपग्रह यंत्राने) दहा ठिकाणी तपासला. आडवा फरक ३ सेंटिमीटरच्या आत आला, पण नकाशातली उंची सगळीकडे १७-१८ सेंटिमीटर कमी येते. ड्रोनवर पूर्णवेळ फिक्स होता. मग चुकले कुठे?' — एक पालक, खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा

उत्तर : नमस्कार. कर्ज तूर्त नको. तुमच्या मुलीने नकाशा तयार करून न थांबता तो दहा ठिकाणी तपासला, हे मला ड्रोनपेक्षा मोलाचे वाटते. ड्रोन उडवायला आठवडाभरात शिकता येते. नकाशा किती चुकला आणि का चुकला हे आकड्यात सांगणारी माणसे कमी आहेत आणि पैसे त्या कामाचे मिळतात.

पुढचा भाग मुलीसाठी.

फिक्स म्हणजे बेसच्या तुलनेत ड्रोनची अँटेना कुठे आहे ते एक-दोन सेंटिमीटरपर्यंत कळले, एवढेच. आरटीके यंत्रांवर आडवी अचूकता '१ सेंमी + १ पीपीएम' अशी लिहिलेली असते. म्हणजे बेस दहा किलोमीटर लांब असेल तर आणखी एक सेंटिमीटर धरायचा. उंचीची चूक साधारण दीडपट-दुप्पट असते. पण बेस स्वतः कुठे आहे, कॅमेरा अँटेनापासून किती खाली आहे, भिंगाची फोकल लेंथ (भिंग ते सेन्सर हे अंतर) किती आहे, यातले काहीच फिक्सला माहीत नसते.

आधी एक सांग : तपासणीचे दहा बिंदू त्याच बेसवरून घेतले होतेस का? तसे असेल तर बेसची चूक तुला दिसणारच नाही, कारण नकाशा आणि बिंदू दोन्ही सारखेच सरकतात. बेसला पाच मिनिटांची सरासरी काढून जागा दिली तर सगळा नकाशा मीटर-दोन मीटर सरकू शकतो आणि तरीही तपासणी उत्तम येते. बेसचा बिंदू सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स जाळ्याशी (कायम चालू असलेल्या बेस केंद्रांशी) जोडून घे. नाही तर तिथे दोन-तीन तास स्टॅटिक (यंत्र न हलवता) नोंद घेऊन नंतर प्रक्रिया कर.

आता तुझे अठरा सेंटिमीटर. पहिला संशय रोव्हरच्या पोलवर. पोल २.०० मीटरचा आणि नोंद १.८० केली, तर तपासणीचे बिंदू २० सेंटिमीटर वर जातात आणि नकाशा खाली दिसतो. पण तेव्हा फरक बरोबर २० च्या आसपास यायला हवा. तुझा थोडा कमी आहे, तरी टेप लावून पाहून घे. दुसरा संशय अँटेना ते कॅमेरा या अंतरावर. काही ड्रोन हे अंतर फोटोच्या नोंदीत आधीच वजा करतात. सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही ते पुन्हा भरले की दोनदा वजा होते आणि जमीन तेवढीच खाली जाते. अजिबात वजा झाले नसते तर जमीन वर आली असती, म्हणून ती शक्यता इथे नाही. तिसरा संशय फोकल लेंथवर, आणि माझा कल इकडेच आहे. सपाट माळावर, एकाच उंचीवरून, कॅमेरा सरळ खाली ठेवून फोटो काढले की सॉफ्टवेअरला फोकल लेंथ आणि जमिनीची खोली एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. फोकल लेंथ ०.१८ टक्के जास्त धरली गेली तर १०० मीटरवर बरोबर १८ सेंटिमीटर पडतात.

तिन्ही वेगळे करायची चाचणी सोपी आहे. त्याच माळावर ६० मीटर उंचीवरून ड्रोन उडव. फरक ११ सेंटिमीटरच्या आसपास आला तर दोष फोकल लेंथचा. १८ च राहिला तर पोल किंवा दोनदा वजाबाकी, आणि त्यातला पोल टेपने लगेच कळतो. दोष फोकल लेंथचा निघाला तर चार कोपरे आणि मध्ये एक असे पाच कंट्रोल पॉइंट (आधी अचूक मोजून ठेवलेल्या, फोटोत दिसणाऱ्या खुणा) टाक. ५०-६० सेंटिमीटरचे काळे-पांढरे चौकटीचे पत्रे चालतात. १०० मीटरवरून साध्या २० मेगापिक्सल कॅमेऱ्याचा एक पिक्सल जमिनीवर अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे छोटी खूण धूसर येते. शिवाय काही ओळी आडव्या दिशेने, कॅमेरा तिरका करून घे. एकच कंट्रोल पॉइंट असला तरी उंचीचा असा सरसकट फरक बराचसा निघून जातो, पण नकाशा मधोमध फुगला आहे का हे एकावरून कळत नाही. आणि कंट्रोलसाठी वापरलेला बिंदू तपासणीला धरायचा नाही. अहवालात हे दोन सर्रास मिसळलेले असतात.

जिऑइडची (समुद्रसपाटीच्या संदर्भ-पृष्ठाची) चूक तुझ्याकडे नाही, ती अठरा सेंटिमीटरांत झाकली जातच नाही. उपग्रहाची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत आपल्या पट्ट्यात ६० मीटरांहून जास्त फरक आहे.

आपल्या भागातली दोन-तीन कामे वेगळी वागतात. जांबोटी-कणकुंबीकडच्या खोऱ्यांत मोबाइलची रेंज जाते, दुरुस्तीचा डेटा तुटतो आणि फिक्सचा फ्लोट होतो, म्हणजे सेंटिमीटरची खात्री जाते. तिथे पीपीके करावे : बेस जमिनीवर नोंदत राहतो, ड्रोन आपली नोंद ठेवतो, गणित घरी येऊन होते. बेस उड्डाणाआधी पंधरा मिनिटे सुरू कर आणि नंतर पंधरा मिनिटे चालू ठेव. चिकोडी-अथणीकडे उभ्या उसाचा नकाशा जमिनीचा नसतो, उसाच्या शेंड्यांचा असतो. वाऱ्यात पाने हलली की फोटोंची जुळणीही बिघडते. तोडणी झाल्यावरच जा. फोटोंचा पुढचा ओव्हरलॅप ८० टक्के आणि बाजूचा ७० टक्के ठेव.

कॉलेजात सहसा न शिकवली जाणारी आणखी एक गोष्ट. बेळगाव यूटीएमच्या (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून सपाट नकाशा करण्याच्या पद्धतीच्या) ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात, ७५ अंशांच्या मध्यरेषेजवळ येते. तिथे नकाशाचे प्रमाण एकापेक्षा थोडे कमी असते. त्यात शहराची साडेसातशे मीटरच्या आसपासची उंची मिळवली, तर जमिनीवरच्या एका किलोमीटरमागे नकाशात सुमारे अर्धा मीटर कमी भरतो. कालव्याच्या किंवा रस्त्याच्या कामावर टोटल स्टेशनवाला (जमिनीवरच्या यंत्राने अंतर मोजणारा) आणि ड्रोनवाला यावरून भांडतात, आणि दोघांचेही मोजमाप बरोबर असते. हिशेब कशात आहे, जमिनीवरच्या अंतरात की यूटीएममध्ये, हे पहिल्या दिवशी लिहून घ्यायचे.

पुन्हा पालकांसाठी. अचूकतेचे मोल पैशांत असे दिसते : खाणीतल्या एक हेक्टर ढिगाऱ्यावर उंचीत ५ सेंटिमीटर चूक म्हणजे ५०० घनमीटर दगडाचा फरक. शेतात एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. त्याची एक बाजू मीटरभर सरकली तर जवळजवळ दहावा हिस्सा गेला. म्हणून खाणवाले, कंत्राटदार, साखर कारखाने हे गिऱ्हाईक होऊ शकतात. बांधाचा वाद मात्र ड्रोनच्या नकाशावर सुटत नाही, त्याला सरकारी मोजणीच लागते. तसे काम कोणी देऊ केले तर मुलीला त्यात पडू देऊ नका.

प्रमाणपत्र लागेल. ड्रोन नियम २०२१ नुसार व्यावसायिक उड्डाणाला रिमोट पायलट सर्टिफिकेट हवे. वय १८ पूर्ण, दहावी उत्तीर्ण आणि डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थेतले प्रशिक्षण, एवढ्या अटी आहेत. तुमच्या संस्थेकडे ती मान्यता आहे का, हे पैसे भरण्याआधी डीजीसीएच्या संकेतस्थळावर पाहा. सांबरा विमानतळाच्या परिघापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी २०० फुटांपर्यंतच उडवता येते, त्याहून जवळ परवानगी लागते. लष्करी हद्दही आहे, म्हणून दर वेळी हवाई क्षेत्राचा नकाशा पाहूनच उडवायचे.

ड्रोनऐवजी सध्या वेळ खर्च करा. क्यूजीआयएस (नकाशांसाठी), आरटीकेलिब (उपग्रह नोंदींच्या गणितासाठी) आणि ओपनड्रोनमॅप (फोटोंवरून नकाशा करण्यासाठी) ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. देहरादूनच्या आयआयआरएस या दूरसंवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रमही मोफत असतात. डिप्लोमानंतर डीसीईटी ही कर्नाटकातली प्रवेश परीक्षा देऊन थेट बीईच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि पुढे २०२२ पासून गेटमध्ये जिओमॅटिक्सचा स्वतंत्र पेपर आहे. नोकरी लवकर हवी असेल तर मुलीने सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीत दोन वर्षे रोव्हर धरावा, बेस लावावा. यंत्र कंपनीचे, शिकणे तिचे. कन्नड वाचता येणे मात्र टाळून चालणार नाही. पहाणी (जमिनीचा उतारा), नकाशे, निविदा सगळे कन्नडमध्ये असते, आणि मराठी शाळेतून आलेली हुशार मुले इथेच अडतात.

ड्रोन घ्यायचाच झाला तर मुलीकडे स्वतः तपासलेल्या पाच-सहा नकाशांचे अहवाल जमू द्या. कोणत्या बिंदूवर किती चूक, बेस कुठे होता, उंची कशावरून धरली, एवढे प्रत्येकात असावे. काम देणारा असा अहवाल मागतो आणि बँकेलाही तो दाखवता येतो. ६० मीटरच्या चाचणीचे आकडे आले की मला कळवा. सोबत पोलची टेपने मोजलेली लांबी आणि सॉफ्टवेअरमध्ये भरलेले अँटेना-कॅमेरा अंतरही लिहा.