एकाच भट्टीतून वीज आणि बॉम्बचे प्लुटोनियम

प्रश्न : तुर्भ्याच्या 'सायरस' भट्टीतील प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण चाचणीत वापरले गेले, पण त्या भट्टीने वीज कधी दिली नाही. ही दोन्ही कामे एकाच अणुभट्टीने केल्याचे उदाहरण आहे काय?

उत्तर : आहे, आणि तेही चांगलेच नावाजलेले. १७ ऑक्टोबर १९५६ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते ज्याचे उद्घाटन झाले, ते इंग्लंडमधील काल्डर हॉल वीजकेंद्र मुळात बॉम्बसाठी प्लुटोनियम मिळावे म्हणूनच उभारले होते. आराखड्याचे सांकेतिक नाव 'पिप्पा' (Pressurised Pile Producing Industrial Power and Plutonium). त्याच्या आद्याक्षरांत वीज आधी आणि प्लुटोनियम नंतर येत असे. प्रत्यक्षातला क्रम मात्र उलटा होता.

नदीपलीकडच्या विंडस्केल येथील जुन्या भट्ट्या पंख्यांच्या हवेने थंड केल्या जात आणि सगळी उष्णता धुराड्यातून वाया जाई. काल्डर हॉलमध्ये हवेऐवजी दाबाखालील कार्बन डायऑक्साइड बंदिस्त नळ्यांतून फिरवून त्याच्या उष्णतेवर वाफ तयार केली आणि जनित्रे चालवली.

खरी ओढाताण इंधनाच्या मुदतीवरून होते. युरेनियम-२३८ ने न्यूट्रॉन शोषला की कालांतराने प्लुटोनियम-२३९ तयार होते; पण इंधन भट्टीत अधिक काळ राहिले, तर त्यातील काही भागाचे प्लुटोनियम-२४० होते. हे समस्थानिक आपोआप विखंडन पावून न्यूट्रॉन सोडत राहते, त्यामुळे शृंखला अभिक्रिया वेळेआधी सुरू होऊन बॉम्बचा फुसका बार होण्याचा धोका असतो. म्हणून शस्त्रांसाठी त्याचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांच्या आत ठेवतात आणि इंधन लवकर बाहेर काढतात. वीज विकणाऱ्याला हे परवडत नाही; त्याला तेच इंधन शक्य तितके वापरून घ्यायचे असते. काल्डर हॉल १९६४ पासून प्रामुख्याने विजेच्या हिशेबाने चालवले गेले आणि २००३ मध्ये बंद झाले.

सायबेरियात याच्या नेमके उलट घडले. झेलेझ्नोगोर्स्क येथील लष्करी भट्टीच्या प्लुटोनियमची रशियाला गरज उरली नव्हती, तरी ती २०१० पर्यंत चालू ठेवावी लागली, कारण गावातील घरे तिच्याच उष्णतेवर ऊबदार राहत होती आणि तिची जागा घेणारे कोळशाचे केंद्र अद्याप तयार नव्हते.