प्राण्यांबद्दलची अशी कोणती अलीकडची बातमी आहे जी तुम्हाला थाप वाटली, पण खरी निघाली?

माझ्याकडे एक उदाहरण आहे, फक्त त्यात माझीच फजिती झालीये.

सप्टेंबर २०२५ ची गोष्ट. आमच्या मामाने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला की एका जातीची राणी मुंगी दुसऱ्याच जातीच्या मुंग्यांना जन्म देते. मामा म्हणजे फॉरवर्डचा कारखाना, सकाळी सहाला सुरू होतो तो रात्री झोपेपर्यंत, त्यामुळे मी लिंक उघडायच्याही भानगडीत पडलो नाही, खाली सरळ लिहिलं, "मामा, काहीही काय! उद्या मांजरीला कुत्र्याची पिल्लं होतील." सगळ्यांनी हसायच्या स्मायली टाकल्या. चारेक दिवसांनी कळलं की हा रिसर्च 'नेचर' या नावाजलेल्या विज्ञान नियतकालिकात छापून आलाय. गपचूप मेसेज डिलीट करायला गेलो तर तोपर्यंत ती सोय गेलेली. अजून आहे तो तिथे.

तर मुंगीचं नाव मेसर इबेरिकस, युरोपात सापडते, बिया गोळा करून साठवणाऱ्यांपैकी. आता मुंग्यांचा नेहमीचा हिशोब असा असतो की राणीने फलित न केलेलं अंडं घातलं की त्यातून नर निघतो, म्हणजे त्याला बापच नसतो, आणि फलित अंड्यातून मादी निघते, मग ती कामकरी होते नाहीतर पुढची राणी. या इबेरिकस बाईंचं मात्र असं झालंय की स्वतःच्या जातीच्या नराचे शुक्राणू वापरले तर मुली सगळ्या राण्याच होतात. घरात नुसत्या राण्या, काम कोण करणार? कामकरी मुंग्या हव्या असतील तर शुक्राणू मेसर स्ट्रक्टर नावाच्या वेगळ्याच जातीच्या नराचे लागतात. म्हणजे वारुळात राबणारी झाडून सगळी प्रजा संकरित. इथपर्यंतसुद्धा ठीक आहे, दुसऱ्या जातीचे शुक्राणू उसने घेण्याचा हा प्रकार आणखी काही मुंग्यांमध्ये माहीत होता.

पण मग शास्त्रज्ञांना कोडं पडलं ते सिसिली बेटावर. तिथे इबेरिकसची वारुळं व्यवस्थित चालू आहेत, कामकरी मुंग्या संकरित आहेत, आणि स्ट्रक्टरचं सगळ्यात जवळचं वारूळ हजार किलोमीटरच्याही पलीकडे. एवढ्या लांबून नर उडत उडत येणार थोडाच. मग शुक्राणू येतात कुठून?

फ्रान्समधल्या माँपेलिये विद्यापीठातल्या जोनाथन रोमिगिए यांच्या टीमने हे खणून काढलं, खरोखरच खणून, कारण वारुळं उघडून आतले नर तपासले. २६ वारुळांतले १३२ नर. तर ते दोन प्रकारचे निघाले, एकाच्या अंगावर भरपूर लव आणि दुसरा जवळजवळ टकला, आणि टकल्यांची संख्या निम्म्याहून थोडी जास्तच. डीएनए बघितला तर केसाळ नर इबेरिकस आणि टकले नर चक्क स्ट्रक्टर. आता कुणीही म्हणेल की घुसले असतील बाहेरून कुठून तरी. पण इथेच खरी गंमत आहे. पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात ना, त्यांचा स्वतःचा वेगळा छोटासा डीएनए असतो आणि तो आईकडून येतो. टकल्या नरांचा हा डीएनए तपासला तर तो इबेरिकसचा! म्हणजे पोरगं पूर्ण स्ट्रक्टर पण आई इबेरिकस. मग लॅबमध्ये राण्या वेगळ्या ठेवून त्यांची अंडी तपासली, त्यातल्या काही अंड्यांत नुसता स्ट्रक्टरचाच डीएनए सापडला.

म्हणजे होतं असं की राणीने साठवून ठेवलेला स्ट्रक्टरचा शुक्राणू अंड्यात जातो, अंड्याच्या केंद्रकातला राणीचा स्वतःचा डीएनए बाद होतो, आणि त्या शुक्राणूचा हुबेहूब क्लोन जन्माला येतो. अंडं हिचं, माल त्याचा. तो मोठा झाला की पुढच्या राण्या त्याच्याशी मीलन करतात, कामकरी तयार होतात, गाडी चालू. बाहेरून नर आणायची गरजच नाही, दुसरी जात घरातच पैदा करून ठेवलीये, आपण गुरं पाळतो तसं. आणि या दोन जाती काही सख्ख्या बहिणीही नाहीत, वेगळ्या होऊन पन्नास लाखांहून जास्त वर्षं झालीत. माणूस आणि चिंपांझी वेगळे झाले त्याच्या जवळपास जाणारा हा काळ आहे, त्यावरून अंदाज करा.

खाण तशी माती म्हणतात, या मुंगीने ती म्हणच मोडीत काढली.

हे वाचल्यावर मुंग्यांचा नाद लागला आणि आधीची एक बातमी सापडली जी माझ्या मते याहून भारी आहे. मुंग्या ऑपरेशन करतात. जुलै २०२४ मध्ये 'करंट बायोलॉजी'त आलं होतं, जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठातले एरिक फ्रँक आणि त्यांचे सहकारी, मुंगी फ्लोरिडाची, सुतारमुंगी म्हणू या तिला. एखादीचा पाय मांडीत जखमी झाला की दुसरी येते, आधी जखम चाटून साफ करते, मग चाटत चाटत पायाच्या मुळाशी जाते आणि तिथे कुरतडायला लागते. चाळीस मिनिटं, कधी कधी त्याहून जास्त, पाय तुटून पडेपर्यंत. आणि पेशंट काय करते? पाय पुढे करून शांत बसून राहते. मी इंजेक्शनला मान फिरवतो, जाऊ दे.

तर उपयोग होतो का, तर होतो. मांडीला संसर्ग झालेली जखम असताना एकटं सोडलेल्या मुंग्यांपैकी चाळीस टक्केसुद्धा जगल्या नाहीत, आणि ज्यांचा पाय तोडला गेला त्या नव्वद टक्क्यांच्या वर वाचल्या. पण जखम खाली नडगीला असेल तर त्या पाय तोडतच नाहीत, नुसतं चाटतात, बराच वेळ. मला हे वाचून उलटंच वाटलं, अरे नडगी तर शरीरापासून लांब आहे, तिथे तोडायला आणखी सोपं. नाही. मुंगीच्या मांडीत स्नायू भरलेले असतात आणि ते अंगातला द्रव पुढे ढकलायचं काम करतात. मांडीलाच लागलं की हा पंप मंदावतो, जंतू सावकाश पसरतात, म्हणजे चाळीस मिनिटांचं ऑपरेशन करायला वेळ मिळतो. नडगीला लागलं तर पंप शाबूत, जंतू झपाट्याने वर सरकतात, पाय तोडून होईपर्यंत ते अंगात पोचलेले असणार. म्हणून चाटणं, आणि त्यानेही पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास वाचतात, नाहीतर पंधरा टक्केही नाहीत. बाकी बऱ्याच मुंग्यांच्या अंगात जंतुनाशक द्रव तयार करणारी एक ग्रंथी असते, या जातीत ती नाही, बहुतेक म्हणूनच हे शिकावं लागलं असेल. अर्थात 'शिकावं लागलं' हे आपलं माझं बोलणं, कुणी त्यांना शिकवत नाही, उपजतच येतं.

आता उलट्या बाजूची फजिती. मुंगीच्या फॉरवर्डआधी, २०२५ च्याच एप्रिलमध्ये मामानेच आणखी एक फॉरवर्ड टाकला होता, दहाएक हजार वर्षांपूर्वी नामशेष झालेला डायर वुल्फ नावाचा लांडगा परत जिवंत केला म्हणून, पांढऱ्याशुभ्र पिल्लांच्या फोटोंसकट. त्याला मात्र मी बदाम टाकला होता. न वाचताच. नंतर नीट वाचलं तर कोलोसल बायोसायन्सेस नावाच्या अमेरिकन कंपनीने साध्या करड्या लांडग्याच्या पेशीत १४ जनुकांमध्ये मिळून २० बदल केले आणि कुत्रीच्या गर्भाशयात ती पिल्लं वाढवली. वीस बदल, आणि लांडग्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए मिळून, दोन अब्जांहून जास्त अक्षरांचा. काम छोटं नाही, मी नावं ठेवत नाहीये, हजारो वर्षांपूर्वीच्या दातातून आणि कवटीतून डीएनए वाचणं म्हणजे चेष्टा नाही, पण तो डायर वुल्फ नव्हे, अंगाने थोराड आणि रंगाने पांढरा केलेला करडा लांडगा आहे, असं बाहेरच्या बऱ्याच शास्त्रज्ञांनी स्पष्ट म्हटलं. म्हणजे जे खरं होतं त्याला मी हसलो आणि जे फुगवलेलं होतं त्याला बदाम दिला.

मामाला सॉरी म्हणालो. त्याने उत्तरादाखल काय करावं, तर आणखी एक फॉरवर्ड. "पेंग्विन दिवसातून दहा हजार वेळा झोपतो." या वेळी शहाण्यासारखं आधी उघडून वाचलं.

खरं आहे. अंटार्क्टिकात किंग जॉर्ज बेटावर २०१९ मध्ये चौदा पेंग्विनच्या मेंदूची नोंद घेतली होती, हनुवटीखाली काळी पट्टी असलेली जात, अंडी उबवत बसलेले पक्षी. २०२३ च्या शेवटी 'सायन्स'मध्ये ते छापून आलं. एक डुलकी सरासरी चार सेकंदांची, दिवसाला दहा हजारांवर डुलक्या, बेरीज केली की अकरा तासांच्या वर झोप. आपल्याला गाडी चालवताना अशी एक डुलकी लागली तरी संपलं, हे लोक त्याच डुलक्यांवर अंडी उबवतात आणि पिल्लं वाढवतात. स्कुआ नावाचे पक्षी अंडी पळवायला टपलेले असतात, जोडीदार समुद्रावर गेलेला, मग डोळे मिटणार तरी किती वेळ.

मी धरून चाललो होतो की वसाहतीच्या कडेला बसलेले पेंग्विन जास्त वेळा दचकून उठत असतील, कारण स्कुआ आधी तिथेच येणार. तर तसं नाहीये, कडेवाल्यांची एकेक डुलकी जास्त लांब निघाली आणि मधोमध बसलेल्यांचीच झोप जास्त तुटक. मध्यभागी चारी बाजूंनी शेजारी, त्यांचा कलकलाट आणि चोचींची मारामारी.